चारातला एक ठेवला

माझ्याकडे एका प्राचार्यांच्या एकसष्टीची नव्वद मिनिटांची कॅसेट आहे. ती मी आतापर्यंत सहा वेळा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. त्या समारंभाला हजर असलेल्या दुसऱ्या कुणीही ती एकदासुद्धा पूर्ण ऐकली नसेल. तिच्यात अकरा भाषणं आहेत. प्रत्येक वक्त्यानं ‘मी आपला फार वेळ घेणार नाही’ अशी सुरुवात केली आहे आणि एकानंही शब्द पाळलेला नाही. आवाज मात्र फार स्वच्छ आहे. तिसऱ्या वक्त्याचा खोकला तर खणखणीत ऐकू येतो.

या कॅसेटवर आधी माझी थोरली बहीण होती.

अक्का माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. आमचं गाव घनसावंगीच्या पुढे, गोदावरीच्या अंगाला. ती तिसरीत होती तेव्हा मी जन्मलो आणि तिची शाळा संपली. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. आईला शेतात जायचं होतं, मला कडेवर बसायचं होतं, आणि घरात रिकामी कड एकच होती. पुढे मी शिकत गेलो तसतशी तिला येत होती तेवढी अक्षरंही ती विसरत गेली. तिनं हे कधी बोलून दाखवलं नाही. ती न बोलल्यामुळे मलाही बरीच वर्षं ते कळलं नाही, किंवा कळून न घेणं सोयीचं वाटलं.

तिच्या लग्नाच्या आदल्या वर्षी गावात तंबूचा सिनेमा आला होता. मी सहा वर्षांचा, ती चौदाची. पडद्यावर टांगा पळत होता. तिनं मला कोपरानं ढोसलं.

“बापू, घोडा पुढं पळून राह्यला आन् चाक मागं काहून फिरून राह्यलं?”

मी पहिलीत जात होतो, म्हणजे घरातला विद्वान होतो. “सिनेमात तसंच असतं,” मी म्हणालो.

“तसंच म्हंजी कसं?”

“गप बस ना अक्का.”

ती गप बसली. पण पुढचा सगळा सिनेमा ती नायिकेऐवजी चाकाकडेच बघत होती, हे मला आठवतं.

जालना वेगळा जिल्हा झाला त्याच साली मी शहरातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवायला लागलो. जिल्हा झाल्याची भाषणं अजून चालू आहेत, माझी नोकरी मात्र संपली. सुरुवातीची काही वर्षं मी उत्साही होतो. गोदाकाठच्या न शिकलेल्या बायकांच्या बोलण्यातले उच्चार यंत्रावर मोजून त्यावर पीएच.डी. करायची, असं मी ठरवलं होतं. बाया बारा निवडल्या. पहिली अर्थातच अक्का. तिच्यासाठी मी जुन्या जालन्यातल्या एका दुकानातून मुद्दाम जपानी कॅसेट आणली. बाकीच्या अकराजणींना साध्या कॅसेटीवर भागवलं.

ध्वनिमुद्रणाला शांत, न घुमणारी खोली लागते. विद्यापीठात तशा खोलीच्या भिंतींना आतून जाड आवरण लावतात आणि तिच्या दारावर उद्घाटकाच्या नावाची पाटी असते. अक्काच्या घरात तशी खोली आपोआप तयार होती. ते सत्त्याऐंशी सालातले थंडीचे दिवस होते. वेचणी झालेली, भाव चढायची वाट बघत सगळा कापूस मधल्या खोलीत आढ्यापर्यंत भरलेला. दारापाशी दोघांना बसता येईल एवढीच जागा होती. तिथं बसून टाळी वाजवली तर ती हातातच मरायची. इतकी चांगली खोली मला नंतर कुठल्याही विद्यापीठात दिसली नाही.

शब्द मी उच्चारून दाखवायचा नाही, नाहीतर ती माझंच म्हणून दाखवील, असा नियम होता. म्हणून मी प्रश्न विचारायचो आणि तिच्या तोंडून हवा तो शब्द काढायचो.

“गहू कशात पेरतात?”

“सेतात. सेतकऱ्याच्या पोरानं इचारायचं का हे? शिकून शिकून इसरला का काय सगळं?”

हे ‘शिकून’सुद्धा तिच्या तोंडी ‘सिकून’ होतं. आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात श नव्हताच. शाळेत गेलेल्यांच्या जिभेवर तो मास्तरांनी छडीनं बसवला. माझ्याही.

“पोरं सकाळी दप्तर घेऊन कुठं जातात?”

“साळंत.” मग थोडं थांबून, “जी जातात ती.”

टेप फिरत होती. मी पुढचा प्रश्न विचारला. संशोधकानं मध्ये बोलायचं नसतं, हाही नियम होता, आणि त्या दिवशी तो मला फार उपयोगी पडला.

घरी आल्यावर मी त्या कॅसेटचे मागचे दोन्ही कान मोडले. ते प्लास्टिकचे बारीक तुकडे मोडले की यंत्र त्या कॅसेटवर पुन्हा काही भरू देत नाही. मोडताना मला फार जबाबदार वाटलं होतं.

मग बारा वर्षं गेली. उच्चार मोजायचं यंत्र दूरच्या विद्यापीठात होतं, तिथल्या विभागप्रमुखांना माझ्या पत्रांना उत्तर द्यायला सवड नव्हती, आणि मलाही संसार होता. नव्याण्णव साली आमच्या महाविद्यालयात संगणक आला. तो प्राचार्यांच्या दालनाशेजारच्या खोलीत ठेवला. नारळ फुटला, पडद्यावर हळदीकुंकवाचं बोट लागलं, खोलीबाहेर ‘पादत्राणे बाहेर काढावीत’ अशी पाटी लागली. त्याचे स्पीकर मात्र विद्यार्थी गाणी लावतील म्हणून प्राचार्यांच्या कपाटात कुलूपबंद राहिले.

मी अनवाणी पायांनी बाराही कॅसेटी त्या संगणकात उतरवायला घेतल्या. संगणक आवाज सलग ठेवत नाही. सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर वेळा तो आवाज मोजतो आणि तेवढे आकडे लिहून ठेवतो. दोन-तीन कॅसेटींतच जागा भरली. त्याच संगणकावर विद्यार्थ्यांची प्रवेश-यादी, अनुदानाचे तक्ते आणि प्राचार्यांच्या मुलीची लग्नपत्रिका होती, त्यामुळे हटायचं कुणी हे उघड होतं. मला मुख्यतः स्वर मोजायचे होते. त्यांना एवढे आकडे लागत नाहीत, चौथा हिस्सा पुरतो. चारातला एक आकडा ठेवायचा, तीन टाकून द्यायचे.

पण हे करण्याआधी एक पायरी असते. आकडे टाकायच्या आधी आवाजातला फार बारीक, फार चढा भाग गाळून घ्यावा लागतो. उरलेल्या थोड्या आकड्यांत तो मावत नाही. न गाळता तसाच ठेवला तर तो नाहीसा होत नाही, खालच्या पट्टीत उतरून दुसऱ्याच आवाजाचं सोंग घेतो. माझ्याकडच्या झेरॉक्स पुस्तकात हे लिहिलेलं होतं. संगणकावर त्यासाठी एक छोटी चौकटही होती. तिच्यात खूण केली की तो आधी गाळायचा, मग आकडे टाकायचा.

खूण केली की एका कॅसेटला पाऊण तास लागायचा. तेवढ्यात वीज जायची आणि सगळं पहिल्यापासून. असं तीन दिवस झालं. चौथ्या दिवशी मी खूण काढून टाकली. काम दोन मिनिटांत झालं.

हे आळसानं केलं असतं तर मला आज कमी वाईट वाटलं असतं. मी ते मोठ्या आत्मविश्वासानं केलं. प्रत्येक कामाआधी एक दीपप्रज्वलन असतं, त्याच्याआधी एक स्वागतगीत असतं, आणि ही दोन्ही वगळली तरी काम तसंच होतं, किंबहुना लवकर होतं, हा माझा उभ्या नोकरीतला अनुभव. मी त्यावर वर्गात विनोदही करायचो. ती चौकट मला त्याच जातीची वाटली. यंत्रवाल्यांचं स्वागतगीत.

मोठ्या फायली पुसल्या, छोट्या ठेवल्या. ऐकून बघायला स्पीकर नव्हते, पण त्याचं काही वाटलं नाही, कारण मला ऐकायचं नव्हतंच. मी आवाजाची चित्रं बघत होतो. करड्या-काळ्या पट्ट्यांची ती चित्रं असतात, जाड आवाज खाली, बारीक वर. स्वर पाहता पाहता मला एक नवल दिसलं. अक्काचा स जिथं असायला हवा होता त्याच्या बराच खाली होता. जवळजवळ श च्या जागी. बाकीच्या अकराजणींचाही थोडाफार तसाच. मी निबंध लिहिला. गोदाकाठच्या न शिकलेल्या स्त्रियांना श म्हणता येत नाही असं आपण समजतो, पण यंत्राला तो त्यांच्या बोलण्यात सापडतो, आपल्या शिकलेल्या कानांनाच तो ऐकू येत नाही, असा त्याचा सूर. एका चर्चासत्रात तो वाचला तेव्हा टाळ्या पडल्या. शाल आणि नारळ मिळाला. शालींवर मी पुष्कळ बोललेलो आहे, पण ती घेताना मी मान बरोबर खाली केली होती.

पुढच्या वर्षी प्राचार्यांची एकसष्टी आली. त्यासाठी चौदा समित्या नेमल्या. ध्वनिमुद्रण समितीत मी एकटाच होतो. कार्यक्रमाच्या दिवशी पाहुणे दोन तास उशिरा आले आणि मधल्या वेळेत माझ्या कोऱ्या कॅसेटी बालकलाकारांनी संपवल्या. संयोजक घामाघूम होऊन धावत आले.

“सर, कॅसेट द्या एखादी. जल्दी. पाहुणे हार घालून राह्यलेत.”

“संपल्या.”

“न्हाई म्हणू नका सर. प्राचार्य मला कच्चा खातील. जुनी, वापरलेली, काहीबी चालंल. आवाज आला म्हंजी बास.”

विभागाच्या कपाटात बारा कॅसेटी होत्या. त्या संगणकात सुरक्षित आहेत अशी माझी खात्री होती. चांगल्या समारंभाला चांगली कॅसेट द्यावी म्हणून मी जपानी उचलली. मोडलेल्या कानांच्या जागी चिकटपट्टी लावली की यंत्र फसतं आणि पुन्हा भरू देतं. ती मीच लावली. चांगली घट्ट, दोन पदरी.

अक्का दोन हजार चार साली गेली. कापसात वेचणी करता करता छातीत दुखलं म्हणून बांधावर बसली, ती उठली नाही. मी पोचलो तेव्हा तिच्या पदरात वेचलेला कापूस तसाच बांधलेला होता.

तिला एकच मुलगी. ती बदनापूरला दिलेली, जावई तिथून रोज रेल्वेनं जालन्याला कामाला येतात. वर्षश्राद्धाच्या आधी भाची माझ्या घरी आली.

“मामा, तुम्ही आईला बोलती केल्ती ना कॅसेटवर? मला द्या. फोटो हाय, पण फोटो काही बोलत न्हाई. माझी पोरगी तिला इसरून राह्यली. परवा इचारती, आजी कशी बोलायची? मला सांगताच येईना.”

“देतो की,” मी म्हणालो. एवढं सोपं काम मला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं.

फायलींची सीडी करून मी रविवारी सकाळी बदनापूरला गेलो. जावयांनी शेजाऱ्यांकडून सीडी वाजवायचं यंत्र आणलं होतं. चारेक वर्षांची नात पुढ्यात बसली. भाचीनं डोक्यावरचा पदर सारखा केला, जशी आई आत येणारच आहे. यंत्र सुरू झालं. आधी माझा आवाज आला, गव्हाबद्दल विचारणारा. मग तो दुसरा.

भाची थोडा वेळ ऐकत राहिली. नंतर तिनं माझ्याकडे बघितलं.

“मामा, ही आई न्हाई.”

“अगं तीच. मी स्वतः…”

“बोलणं तिचंच हाय. पण बघा ना, ‘शेतात’ म्हणून राह्यली. ‘शाळंत.’ आई ‘साळा’ म्हणायची, मेली तवाबी ‘साळा’च म्हणायची. आन् हे पत्र्यावर खडा घासल्यावानी काय येऊन राह्यलं मधी मधी? तुम्ही तिला सुधरवली का काय?”

ती चिडून बोलत नव्हती. खरंच विचारत होती.

मी त्या दिवशी तो आवाज पहिल्यांदा ऐकला. पाच-सहा वर्षं मी त्याच्याकडे बघत होतो, त्यावर शाल घेऊन बसलो होतो, पण ऐकला नव्हता. भाची बरोबर होती. श होता. शहरी, शाळेतला, छडीनं बसवलेला श, अक्काच्या तोंडात. आणि स्वरांच्या मागे एक बारीक पत्र्याचा आवाज.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसलो होतो. सिग्नलपाशी गाडी रेंगाळली, शेजारून एक बैलगाडी चालली होती, आणि तिचं चाक सरळ पुढे फिरत होतं. तेव्हा मला तंबूतला टांगा आठवला. सिनेमाचा कॅमेरा ठरावीक वेळानं एकेक चित्र घेतो. दोन चित्रांच्या मधल्या वेळात चाकाचा आरा जवळजवळ पुढच्या आऱ्याच्या जागेपर्यंत जातो, आणि डोळ्याला वाटतं तो किंचित मागे आला. चाक फार जोरात फिरतं, चित्रं कमी पडतात, म्हणून ते हळू आणि उलटं दिसतं. अक्काच्या स चं मी हेच केलं होतं. तो स फार बारीक, फार जलद. न गाळता चारातला एकच आकडा ठेवल्यावर त्याला पकडायला आकडे कमी पडले आणि तो खाली उतरून श झाला. ‘तसंच म्हंजी कसं?’ या प्रश्नाचं उत्तर मला बेचाळीस वर्षांनी सापडलं. ते सांगायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विभागाच्या कपाटातून राहिलेल्या अकरा कॅसेटी घरी आणल्या. आता माझ्याकडे स्वतःचा संगणक होता. पुन्हा उतरवल्या, या वेळी चौकटीत खूण केली आणि दर वेळी पाऊण तास खुर्चीत बसून राहिलो. पूर्ण फायलींत अकराही बायांचा स वर, आपल्या जागी होता. लहान फायलीत त्याचा वरचा भाग कापला जात होता, आवाज थोडा बोथट येत होता, पण दुसऱ्याच अक्षराचं सोंग घेत नव्हता. माझा निबंध सगळा खोटा होता. तो छापणाऱ्या नियतकालिकाला मी कबुलीचं पत्र लिहिलं. ते छापून आलं नाही. त्या अंकात कुणाचा तरी गौरव होता, जागा नसेल.

बारावी कॅसेट निवृत्त प्राचार्यांच्या दिवाणखान्यात, काचेच्या कपाटात, मानचिन्हांच्या ओळीत होती. मी मागितली तेव्हा ते हेलावले.

“इतक्या वर्षांनी तुम्हाला ऐकावीशी वाटली?”

“हो सर,” मी म्हणालो. ते खरंच होतं. त्यांनी चहा केला, वर लाडूही दिला. त्यांच्याविषयी मी जे जे बोललो होतो ते सगळं त्या लाडवाबरोबर गिळलं.

पुसलेल्या टेपवर कधी कधी जुन्या आवाजाचा माग राहतो असं वाचलं होतं. म्हणून मी वक्त्यांच्या मधल्या शांतता ऐकू लागलो. पहिली बाजू पूर्ण ऐकली. टाळ्यांनंतर, खोकल्यानंतर, माईकला फुंकर मारल्यानंतर. एकदा वाटलं, खूप खोलवर कुणी बाई बोलते आहे. पुन्हा पुन्हा लावलं. पंखा होता. साळा, सेत, ‘जी जातात ती’, सगळं अध्यक्षीय भाषणाखाली गेलं होतं. दुसऱ्या बाजूला सातवं भाषण, आठवं, शेवटी आभार. आभार मानणाऱ्यानं मंडपवाल्यापासून पाणी देणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं घेतली. टाळ्या. मग खट्ट असा आवाज. मी स्वतःच यंत्र बंद केलं होतं, त्याचा.

आणि लगेच, अगदी शेजारी बसल्यासारखी, अक्का.

“…बास कर आता. सगळा कापूस चिटकला बघ अंगाला. तुझ्या बी पाठीला हाय सगळा. इकडं हो. हो इकडं, प्रोफेसर झाला तरी कापूस दिसत न्हाई. पाठ कर.”

त्यानंतर तिच्या हाताचे धपके. ती माझा सदरा झटकत होती. एक, दोन, तीन, चार, आणि टेप संपते.

तेवीस सेकंद. आभार आणखी अर्धं मिनिट लांबले असते तर तेही गेलं असतं. आभार लांबले नाहीत असा माझ्या माहितीतला तो एकमेव समारंभ.

त्यातला प्रत्येक स जागच्या जागी होता. बास, सगळा, कापूस, प्रोफेसर, दिसत. तो तुकडा मी पूर्ण आकड्यांनिशी उतरवला, काही गाळलं नाही, काही टाकलं नाही, आणि पुन्हा बदनापूरला गेलो. भाचीला आधी सगळं सांगितलं. कॅसेट कुणी दिली, चिकटपट्टी कुणी लावली, तेही. ती ऐकून घेत होती. मला वाटलं होतं ती बोलेल काहीतरी. ती आईसारखीच गप बसली.

“बाकी काहीच न्हाई राह्यलं?” तिनं विचारलं.

“नाही.”

“लावा.”

मी लावलं. पहिल्या ‘बास’ला तिनं तोंडावर हात ठेवला. धपके आले तेव्हा नातीनं मान वर केली.

“हे काय वाजून राह्यलं, आई?”

“आजी मामाची पाठ झटकून राह्यली,” भाची म्हणाली. “पुन्हा लावा, मामा.”